दर आठवड्याला एक पान



मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पाचवी ते दहावीची मुलं माझ्याकडे असतात. आजचा विषय तुमच्यातूनच आला आहे. एका बचत गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला, की पोरगी दर रविवारी कोपऱ्यात बसून कधी तांब्या काढते, कधी चप्पल काढते, वर त्या कागदावर तारीख टाकते. हा अभ्यास आहे का वेळ घालवायचा धंदा? केंद्रावरच्या ताईंनी मला सांगितलं, याचं उत्तर तुम्हीच द्या. प्रश्न रास्त आहे. घरात कामाला दोन हात कमी असताना पोरगी तांब्या काढत बसली, तर आईनं विचारायलाच पाहिजे.

आधी ती वही काय आहे ते सांगते. चित्रकलेच्या दोन वह्या असतात. एक मोठी, आडव्या पानांची. तिच्यात पूर्ण चित्र काढायचं, रंगवायचं आणि बाईंना तपासायला द्यायचं. ती तुम्हाला ठाऊक आहे. दुसरी लहान, कोऱ्या पानांची. तिला कुणी स्केचबुक म्हणतं, आम्ही रेखाटन वही म्हणतो. तिच्यात दर आठवड्याला एकच पान करायचं. समोर जी वस्तू आहे ती बघून काढायची. खाली तारीख, जागा आणि वेळ लिहायची, आणि एक ओळ, काय बघितलं त्याची. पान सुबक आलं पाहिजे अशी अट नाही. पान झालं पाहिजे, एवढीच अट आहे. शाळेच्या वर्षात सुट्ट्या वजा जाता ३५ च्या आसपास आठवडे मिळतात, तेवढी पानं होतात.

आता हे कशासाठी, ते बघू. पाचवीत नवीन मुलं आली की पहिल्या तासाला मी सांगते, आपल्या गावाचं चित्र काढा. तर बहुतेक सगळ्यांच्या कागदावर तेच असतं. दोन डोंगर, डोंगरांच्या मधे अर्धा सूर्य, खाली नदी, नदीत होडी, काठाला झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. बायांनो, आपल्या भागात नारळ देवळासमोर फुटतो तेवढाच. होडी तर पोरांनी टीव्हीत पाहिलेली. खिडकीतून बाहेर बघितलं तर बाभळ आहे, कडुलिंब आहे, पाण्याची टाकी आहे, टाकीखाली हंड्यांची रांग आहे. त्यातलं काहीच चित्रात नसतं. कारण ते चित्र बघून काढलेलं नसतं, कुणाचं तरी पाहून पाठ केलेलं असतं. मोठ्या भावानं तसंच काढलं, त्याच्या आधी काकानं तसंच काढलं.

लहानपणी याचं काही वाटत नाही. पाच-सहा वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा एक गोल, चार रेघा आणि हसरं तोंड काढतं आणि खूश असतं. पण दहा-अकराव्या वर्षी नजर बदलते. मुलाला कळायला लागतं की आपण काढलेली गाय खऱ्या गायीसारखी दिसत नाही. शेजारच्याची बरी दिसते, आपली दिसत नाही. मग ते म्हणतं, "मला चित्र येत नाही," आणि पेन्सिल खाली ठेवतं. बरेच जण तिथंच थांबतात, ते कायमचे. तुमच्यातल्या किती जणींनी पाचवी-सहावीनंतर एकदाही चित्र काढलेलं नाही, ते आठवून बघा. हाताला काही झालेलं नसतं. त्या वयात बघायला शिकवणारं कुणी भेटलं नाही, एवढंच झालेलं असतं. रेखाटन वही नेमकी त्या वयासाठी आहे.

बघायला शिकायचं म्हणजे काय? तांब्याचंच घ्या. तांब्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून मूल गोल काढतं, आणि बुड सपाट म्हणून खाली सरळ रेघ ओढतं. चित्र वेडंवाकडं दिसतं आणि का ते कळत नाही. मी सांगते, तांब्या जमिनीवर ठेव आणि उभी राहून बघ. तोंड चांगलं उघडं दिसतं. आता तोच तांब्या ओट्यावर ठेव आणि वाकून बघ. तोंड चपटं होतं. आता फडताळात बरोबर डोळ्यांसमोर ठेव. तोंड नुसती आडवी रेघ होऊन जातं. तांब्या तोच आहे. आपण कुठून बघतो त्यावर त्याचं दिसणं बदललं. हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. घरी तीन रविवार तीन जागी तांब्या ठेवून काढला की कुणी सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण शेळीचं. तुमच्या दारात शेळी असेल. कित्येक वर्षं तुम्ही तिची धार काढत आला आहात. तिच्या डोळ्यातली बाहुली कशी असते, सांगता येईल? सातवीतल्या एका मुलीनं शेळीचं तोंड काढलं आणि खाली ओळ लिहिली, "शेळीच्या डोळ्यात आडवी फट आहे, आपल्यासारखा गोल ठिपका नाही." वर्गात कुणाला पटेना. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आपापल्या शेळ्या बघून आली. खरोखरच आडवी असते. उद्या दिवसाउजेडी बघा. आडव्या बाहुलीमुळे शेळीला चरताना आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, कुठून कोण येतंय ते कळतं. हे पुढं विज्ञानाच्या बाईंनी समजावून सांगितलं. पण सुरुवात त्या पानानं झाली.

महिन्याची चार पानं आम्ही अशी वाटून घेतली आहेत. पहिल्या आठवड्यात घरातली वस्तू. सूप, दुरडी, पाटा-वरवंटा, कंदील, चार्जर, काहीही चालतं. दुसऱ्या आठवड्यात झाड, आणि वर्षभर तेच एक झाड. ज्यानं कडुलिंब धरला त्याच्या वहीत जूनचा कडुलिंब असतो, दाट. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं झडलेली असतात. पाडव्याच्या सुमाराला तांबूस कोवळी पालवी आणि बारीक फुलोरा. वर्षाच्या शेवटी ती पानं ओळीनं उघडली की एका झाडाचं वर्ष समोर दिसतं. तिसऱ्या आठवड्यात हलणारं काहीतरी. कोंबडी, भाकरी थापणारे हात, नळावरची भांडणं. इथं एका पानावर पाच झटपट रेखाटनं करायची, एकेकाला दोन मिनिटं. कोंबडी थांबत नाही, त्यामुळे नजर भरभर चालवावी लागते. चौथ्या आठवड्यात आठवून काढायचं. बाजारात गेलात, लग्नाला गेलात, तिथं जे पाहिलं ते घरी येऊन काढायचं.

तिसऱ्या आठवड्यात खोडरबर वापरायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. रेघ चुकली तर राहू द्यायची, तिच्या शेजारी दुसरी ओढायची. मुलांना हे फार जड जातं. आपण त्यांना शुद्धलेखनापासून शिकवलेलं असतं की चुकलेलं दिसता कामा नये. रबर हातात असला की मूल एक रेघ काढतं, तीनदा खोडतं, कागद काळा होतो, वीस मिनिटं संपतात आणि पानावर काहीच नसतं. रबर काढून घेतला की चुकलेली रेघ आणि सुधारलेली रेघ, दोन्ही शेजारी दिसतात. आपण कुठं चुकलो होतो ते पुढच्या वेळी बघायला मिळतं. म्हणून तुम्ही वही उघडली आणि पानावर रेघांचा गुंता दिसला, तर घाण केली म्हणू नका. त्या गुंत्यात मुलाचा अभ्यास आहे.

वह्या मी तपासते, पण वहीला गुण देत नाही. वर्गात ४५ मुलं. दर आठवड्याला सगळ्या वह्या नीट बघणं जमत नाही, म्हणून ९ वह्या घेते, पाच आठवड्यांत फेरी पुरी होते. पानावर "छान" किंवा "असमाधानकारक" लिहीत नाही, एक प्रश्न लिहिते. "सुपाचा कड कशानं बांधलाय?" "या खुर्चीचा चौथा पाय कुठं गेला?" मूल पुन्हा जाऊन बघतं. आकारिक मूल्यमापनात नोंद करायची तेव्हा पानं किती झाली तेवढं मोजते. शनिवारी दहा मिनिटं सगळ्या वह्या जमिनीवर उघड्या ठेवतो आणि पोरं भोवती फिरतात. कुणाची चांगली, कुणाची वाईट असं बोलायचं नाही. "मला यात अमुक दिसलं," एवढंच बोलायचं. चित्र बरं न येणारी पोरं सुरुवातीला वही पालथी ठेवायची. आता ठेवत नाहीत.

हे सगळं तुम्हाला अगदीच परकं नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या पेटीत एक जुनी वही असेल, रांगोळीची. १५ ते ८ ठिपके, मधे कमळ, कडेला मोर. माहेरी असताना शेजारणीकडून उतरवून घेतलेली, लग्नात बरोबर आलेली. चौकटीच्या कागदावर ठिपका ठिपका मोजून काढलेली ती वही म्हणजे खरी भूमिती आहे. डावी-उजवी बाजू जुळवणं, माप धरणं, आकृती डोक्यात ठेवून हातानं उतरवणं, हे तुम्ही शाळेशिवाय केलं. मुलांना संकल्पचित्र शिकवताना मी अशा वह्या मागवून घेते. रेखाटन वही तिची बहीण आहे. रांगोळीच्या वहीत आपण ठरलेली आकृती जपतो, या वहीत समोरचं बघून नवीन उतरवतो.

आता मुलींबद्दल थोडं वेगळं बोलते, आणि माझ्या मते आजच्या भाषणात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपण मुलीला लहानपणापासून काय सांगतो? मान खाली घालून जा, इकडंतिकडं बघू नको, टक लावून बघू नको. रस्त्यावरच्या काळजीपोटी सांगतो, मला ठाऊक आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की नववीतल्या मुलीला एखाद्या गोष्टीकडे पाच मिनिटं बघत बस म्हटलं तर ती अवघडते. मुलगा पाराजवळ बसून बैल काढतो. मुलगी घरातच बसते, आणि काढता काढता मधेच उठते, कारण भाकरी करपली, पाणी आलं, धाकटा रडला. मुलांच्या वह्यांत बैल, ट्रॅक्टर, एसटी असते. मुलींच्या वह्यांत चूल, कळशी, खिडकीतून दिसणारी भिंत. चूल काही कमी दर्जाची नाही, चुलीचं चित्र सुंदर होतं. पण मुलीला गाव बघायची मुभा नसल्यामुळे ती चूल काढत असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे.

आठवड्यातून एकदा, वहीच्या निमित्तानं, मुलीला निवांत बसून एका गोष्टीकडे रोखून बघायला मिळतं. "काय बघतेस गं?" असं कुणी विचारलं तर तिच्याकडे उत्तर असतं, "शाळेचं काम आहे." त्यासाठी तिला तुमच्याकडून वीस मिनिटं पाहिजेत. एकच वेळ ठरवून द्या, रविवारी दुपारी जेवणं झाली की. त्या वीस मिनिटांत तिला हाक मारायची नाही. पाणी भावाला आणू दे. आणि कधीतरी तिच्याबरोबर तुम्ही पारापर्यंत, विहिरीपर्यंत, बसथांब्यापर्यंत चला. ती काढेल, तुम्ही शेजारी बसा. आईनं शेजारी बसलेलं असलं की गाव काही बोलत नाही.

वही बघताना काय बोलायचं, तेही सांगते. "हे काय काढलंस?" असं विचारलं की मूल समजतं, ओळखू आलं नाही. "छान आहे" म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. त्यापेक्षा विचारा, "कुठं बसून काढलंस? सगळ्यात अवघड काय गेलं?" मग मूल बोलायला लागतं. आणि तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. एका मुलानं आजीचं जातं काढलं होतं. खुंटा बरोबर मधोमध उभा. आजीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अरे, खुंटा मधे घातलास तर दाणे कुठं घालू? मधे जात्याचं तोंड असतं. खुंटा कडेला. कडेला असल्याशिवाय जातं ओढलं जात नाही." पोरानं दुसरं पान केलं आणि आजीनं त्याला वरची तळी, खालची तळी, मधली लोखंडी खीळ, सगळं उचलून दाखवलं. खुंटा कडेला असला की कमी जोरात तळी फिरते, हा विज्ञानाचा धडा त्याला घरातच मिळाला. आपल्या घरातल्या किती वस्तू आता अडगळीत आहेत. त्यांची नावं, त्यांचे भाग, ते बनवायची रीत फक्त तुम्हाला आणि तुमच्या सासवांना माहीत आहे. ती वहीत उतरली तर राहील.

मात्र स्वतः पेन्सिल घेऊन मुलाचं चित्र दुरुस्त करू नका. आणि पान फाडू नका. हिशेबाला कागद पाहिजे म्हणून मधलं पान फाडलं, की मुलाला कळतं या वहीला घरात किंमत नाही. आणखी एक. वही मुलाची आहे. पाहुणे आले की त्याला न विचारता वही सगळ्यांपुढे उघडू नका. कधी कधी मूल जे बोलत नाही ते काढतं. घरातलं भांडण, बापाची बाटली, कुणाची भीती. असं काही दिसलं तर रागावू नका आणि चारचौघांत विचारू नका. रात्री शेजारी झोपवून हळूच विचारा.

आता ऊसतोडीचं. आमच्या शाळेतली बरीच मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काहींना आजी-आजोबा सांभाळतात, पण काही जातातच, विशेषतः धाकट्या भावंडाला धरायला मोठी मुलगी लागते म्हणून. पाच-सहा महिने शाळेशी संबंध तुटतो. परत आल्यावर गणित मागे पडलेलं असतं, वाचन अडखळतं, आणि मूल वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं. ती मागची बाकं मला दरवर्षी छळतात. एक लहान वही आणि दोन पेन्सिली उचलीच्या सामानात मावतात. पाठ्यपुस्तक तिकडं एकट्यानं वाचणं अवघड, पण समोरचं बघून काढायला शिक्षक लागत नाही.

अशा वह्या परत येतात तेव्हा त्यांच्यात काय काय असतं. पाचटाची कोपी, तिचे बांबू कसे रोवले आणि वर कसे बांधले ते. कोयता दोन बाजूंनी. मोळी डोक्यावर घेतलेल्या आईची पाठ. वाढ्यांचा भारा. बैलांच्या शिंगाला लावलेला रंग. पहाटे फडात गाडी भरताना बॅटरीचा उजेड. आणि मधे मधे रिकामी पानं. एका पानावर फक्त तारीख आणि एक ओळ होती, "आज दिवसभर बाळाला धरलं." मी त्या पानालाही झालेलं पान धरते. ज्या आठवड्यात जमलं नाही त्या आठवड्याची तारीख टाकायची आणि का जमलं नाही ते लिहायचं. म्हणजे वहीचा धागा तुटत नाही. शाळेत परत आल्यावर ते मूल मागच्या बाकावर जाण्याआधी मी त्याची वही पुढं उघडते. कोपी कशी बांधतात हे गावात राहिलेल्या मुलांना माहीत नसतं. त्या दिवशी शिकवणारं ते मूल असतं. पुढं गणितात त्याला मेहनत घ्यावीच लागते. पण वर्गात पुन्हा बसायचं कसं, हा पहिला अवघड दिवस त्यानं वहीच्या आधारानं पार केलेला असतो. तुमच्यातल्या ज्या बाया यंदा जाणार आहेत, त्यांनी एवढं करा. वही पत्र्याच्या पेटीत ठेवा, पावसानं आणि तेलानं भिजू देऊ नका.

कागदावर उतरण्याचं मोल किती असतं, याची दोन मोठी उदाहरणं बायांच्याच कलेत आहेत. आपल्याकडे पालघर भागात वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा मान सवाशिणींचा. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली ती चित्रं. पण भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. तिकडं बिहारमध्ये मिथिलेतही बाया लग्नाच्या खोलीच्या भिंती रंगवत. १९६६-६७ च्या दुष्काळात तिथल्या बायांना उत्पन्न मिळावं म्हणून कागद वाटले गेले. ते काम करायला गेलेले चित्रकार म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले भास्कर कुलकर्णी. त्यातून पुढं आलेल्या जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी यांना पुढं पद्मश्री मिळाली. हेच कुलकर्णी नंतर वारली पाड्यांवर गेले, तिथंही कागद पोचला, आणि जिव्या सोमा मशे यांचं काम जगभर गेलं. त्यांनाही २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हात भिंतीवर होते तेव्हाही तेवढेच कसबी होते. कागदावर आल्यावर ते काम टिकलं, गावाबाहेर गेलं, आणि काढणारीला नावानं ओळखलं जाऊ लागलं.

आपली सगळी मुलं चित्रकार होणार नाहीत. चित्रकार करण्यासाठी ही वही नाहीच. पण तिचे साधे फायदे होतात. विज्ञानाच्या पेपरात नामनिर्देशित आकृती काढायला मुलं घाबरत नाहीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असतं, त्याची तयारी परीक्षेच्या आधी पंधरा दिवसांत होत नाही, या पानांनी होते. पुढं शिवणकामात ब्लाउजचं कटिंग असो, सुतारकाम असो, नाहीतर आयटीआयचं ड्रॉइंग असो, आकार डोळ्यानं पकडता आला की काम सोपं जातं.

यासाठी शाळेत चित्रकलेचा तास मात्र झाला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तो वेळापत्रकात असतो आणि गणिताला दिला जातो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. त्यात सहावी ते आठवीच्या शाळेत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी त्या समितीत आहेच. पुढच्या सभेत खिचडीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. चित्रकलेचा तास होतो का, आणि मुलांकडे रेखाटन वही आहे का? कलाशिक्षक नसला तरी ही वही वर्गशिक्षक चालवू शकतात. चित्र काढता येणारा शिक्षक मिळाला तर उत्तम, पण आठवड्याला पान बघणारा आणि एक प्रश्न विचारणारा शिक्षक पुरतो.

वहीचा खर्च नको असेल तर घरीच बनवा. ग्रामपंचायतीत, बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूनं छापलेले कागद रद्दीत पडलेले असतात. त्यांतले २० कागद घ्या, कुणाचा आधार क्रमांक, खातं नंबर त्यावर नाही ना ते बघा. छापील बाजू आत घालून प्रत्येक कागद मधोमध दुमडा. २० कागदांची ४० कोरी पानं झाली, वर्षाला पुरली. पाच-पाच कागद एकात एक घालून चार जुड्या करा. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवा. वरून जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कव्हर. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे अर्ध्या तासाचं काम आहे. साधी एचबी पेन्सिल चालते.

गटांना एक काम देऊन थांबते. आपल्या गटात हप्ता चुकू नये म्हणून आपण तारीख ठरवतो. तसाच वहीचा वार ठरवा. आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत, पैसे मोजायच्या आधी, मुलांना विचारून त्यांच्या वह्या सतरंजीवर मांडा. आपल्या रांगोळीच्या वह्याही शेजारी ठेवा. सगळ्या बायांनी एक फेरी मारा. "मला यात अमुक दिसलं," एवढंच बोला. काय काय दिसलं ते केंद्रावर कळवा, ताई पुढच्या भागात वाचून दाखवतील. आणि शेळीचा डोळा तेवढा बघाच.